शपथ न घेणारीं माणसें

बोलण्याच्या ओघांत शपथ घालण्याची संवय आपल्याकडे लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांना आहे. मुलें खेळतांना गळ्याशपथ म्हणतात, दुकानदार देवाशपथ सांगून भाव पटवितो, आणि गांवच्या पंचांपुढें तंटा गेला म्हणजे खंडोबाचा बेलभंडार उचलून खरें काय तें सांगण्याचा प्रघात महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आला. शपथ घेतली म्हणजे बोलणें खरें, अशी यामागील समजूत. परंतु या समजुतीला दुसरीहि एक बाजू आहे आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. शपथेवर सांगितलेलें जर खरें, तर शपथेवांचून सांगितलेलें काय? न्यायालयांत उभा राहून जो मनुष्य आतां आपण खरें बोलणार अशी ग्वाही देतो, तो न्यायालयाच्या उंबरठ्याबाहेरील आपल्या बोलण्याविषयीं नकळत काय कबूल करीत असतो?

सतराव्या शतकांत इंग्लंडांतील कांहीं सामान्य माणसांनीं हा प्रश्न मनावर घेतला. विणकर, शेतकरी, दुकानदार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया असा तो समाज होता. शपथ म्हणून घ्यावयाचीच नाहीं, न्यायाधीशापुढें नाहीं कीं राजापुढें नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. आणि या व अशाच इतर निश्चयांपायीं त्यांच्यांतील हजारों माणसें तुरुंगांत गेलीं. तीं स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणजे मित्र म्हणवीत. लोक त्यांना हिणवून 'क्वेकर', म्हणजे थरथर कांपणारे, म्हणत. हें टोपणनांव १६५० सालीं डर्बी येथील एका न्यायाधीशानें दिलें, आणि पुढें तेंच जगाच्या तोंडीं राहिलें.

ख्रिस्ती धर्मांत वाणीच्या संयमाचा उपदेश अर्थातच त्यांच्यापासून सुरू झालेला नाहीं. नव्या करारांत याकोबाच्या नांवाचें एक लहानसें पत्र आहे. त्यांत जिभेच्या सामर्थ्याविषयीं सांगतांना घोड्याच्या तोंडांतील लगाम, गलबताचें सुकाणूं आणि सबंध रान पेटविणारी ठिणगी असे दृष्टान्त दिले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानांत तर मनुष्याला आपल्या प्रत्येक वायफळ शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशीं द्यावा लागेल अशी ताकीद आहे. त्याच शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनांत येशूनें शपथेची मुळांतच मनाई केली आहे. स्वर्गाची शपथ नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या मस्तकाचीहि नको. होकार असेल तर होकार द्यावा, नकार असेल तर नकार द्यावा, त्याहून अधिक बोलणें हें वाइटापासून निघतें, असा त्याचा आशय.

हीं वचनें इंग्लंडच्या देवळांतून नित्य वाचलीं जात आणि त्याच ग्रंथावर हात ठेवून न्यायालयांत शपथा घेतल्या जात. ही विसंगति कोणाच्या ध्यानांत आली नव्हती असें नव्हे. धर्मशास्त्र्यांनीं तिचा उलगडा करून ठेवला होता. ख्रिस्तानें मनाई केली ती उठल्यासुटल्या घेतल्या जाणाऱ्या शपथांची, राज्यकर्त्यानें घ्यावयास लाविलेल्या शपथेची नव्हे, असें इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकीं शेवटलें कलम सांगतें. उलगडा सोयीचा होता आणि सर्वस्वी खोटाहि म्हणतां येणार नाहीं. क्वेकरांना मात्र तो मान्य नव्हता.

जॉर्ज फॉक्स (१६२४ ते १६९१) हा त्यांचा आद्य प्रवर्तक. लेस्टरशायरमधील एका विणकराचा हा मुलगा लहानपणीं चांभाराच्या हाताखालीं कामाला होता. त्या दिवसांत तो बोलतांना 'खचित' हा शब्द वापरी, आणि जॉर्ज 'खचित' म्हणाला म्हणजे तो आतां हलणार नाहीं असें त्याच्या ओळखीचे लोक म्हणत. ही हकीकत फॉक्सनें स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत नमूद केली आहे. तिला थोडा आत्मप्रौढीचा वास येतो खरा, पण त्याचें पुढील सारें आयुष्य पाहतां ती अतिशयोक्तीची वाटत नाहीं. प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामीं ईश्वराचा प्रकाश आहे, त्याला पुरोहिताची मध्यस्थी नको, ही त्याची मुख्य शिकवण. हिच्यांतूनच वाणीचा नियम निघतो. अंतरांत जेवढें खरें म्हणून दिसलें असेल तेवढेंच ओठावर यावें. त्याहून कमी बोललें तरी चालेल, अधिक मात्र नाहीं.

मठवासी साधूंनीं मौनाची साधना फार प्राचीन काळापासून केली होती. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टनें घालून दिलेल्या नियमावलींत मौनासाठीं एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पण मठाला भिंती असतात. क्वेकरांनीं हा नियम भिंतींबाहेर काढला आणि तो बाजारांत, न्यायालयांत आणि, सर्वांत कठीण म्हणजे, घरांत आणला.

बाजारापासूनच आरंभ करावा. त्या काळच्या इंग्लंडांत दुकानदारानें दहा सांगावे, गिऱ्हाइकानें पांच म्हणावे, आणि बऱ्याच शपथा-आणाभाकांनंतर सौदा सातांवर तुटावा, हीच रीत होती. आपल्या मंडईंतील गृहिणींना ती समजावून सांगण्याचें कारण नाहीं. क्वेकरांच्या दृष्टीनें यांत दोन्ही बाजूंनीं खोटें होतें. सातांला द्यावयाच्या वस्तूची किंमत दहा आहे असें सांगणें हें सरळ असत्य भाषण. म्हणून त्यांनीं एकच भाव सांगावयाचा आणि त्यांत कमीजास्त करावयाचें नाहीं असें ठरविलें. प्रथम गिऱ्हाइकें तुटलीं. घासाघीस केल्यावांचून घेतलेली वस्तु स्वस्त पडली असें कोणाला वाटणार? पण कांहीं काळानें उलट घडूं लागलें. लहान मूल पाठविलें तरी मोठ्या माणसाइतक्याच भावांत माल मिळतो हें लोकांना कळलें आणि क्वेकरांचीं दुकानें भरूं लागलीं. पुढें बार्क्ले व लॉइड या पेढ्या, फ्राय, कॅडबरी व राउन्ट्री हे चॉकोलेटचे कारखाने याच समाजांतील कुटुंबांनीं उभारले. त्यांच्या या भरभराटीचें श्रेय केवळ खरेपणाला देणें भाबडेपणाचें होईल. धर्मविषयक अटींमुळें विद्यापीठें आणि सरकारी अधिकाराच्या जागा त्यांना बंद होत्या. व्यापारावांचून त्यांना दुसरी वाटच फारशी उरली नव्हती. तरीहि ज्याच्या शब्दाला दुसऱ्या कशाचा टेंकू लागत नाहीं त्याच्यापाशीं लोक पैसा ठेवावयास धजावतात, हेंहि खोटें नाहीं.

दुकानांतील खरेपणा लोकांच्या पथ्यावर पडला. परंतु संबोधनांतील खरेपणानें मात्र घरोघर आग लागली. आजच्या इंग्रजींत 'यू' हें एकच सर्वनाम सर्वांना चालतें, त्यामुळें हा वाद इंग्रज वाचकाला समजावून द्यावा लागतो. मराठी माणसाला तो तत्काळ समजेल. त्या काळीं इंग्रजींतहि 'तूं' आणि 'तुम्ही' असा भेद होता. 'दाऊ' हें एकवचन नोकरांना, मुलांना, जिवलगांना आणि देवाला. 'यू' हें अनेकवचन वडील माणसांना, मालकाला, सरदाराला. फॉक्सनें सरळ व्याकरणावर बोट ठेविलें. समोर मनुष्य एक असतां त्याला अनेक म्हणणें हें खोटें आहे. आणि तें खोटें कशासाठीं, तर त्याच्या अहंकाराला गोंजारण्यासाठीं. परमेश्वराला तूं म्हणावयाचें आणि जहागीरदाराला मात्र तुम्ही, हा कोठला न्याय? (विठोबाला अरे-तुरे आणि मामलेदाराला अहो-जाहो करणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न कोणी विचारल्याचें दिसत नाहीं.) एवढ्यावर न थांबतां त्यानें जॉन स्टब्स व बेंजामिन फर्ली या दोन सहकाऱ्यांसह १६६० सालीं एक जाडजूड पुस्तक छापलें. सुमारें तीस भाषांतील एकवचन-अनेकवचनाचीं उदाहरणें त्यांत मांडलेलीं असून, मुलांना अक्षरें शिकविण्याच्या पाटीचें चित्र त्याच्या पृष्ठांवर योजिलें आहे. विद्वान् गुरुजींना पहिलीच्या वर्गांत बसविण्याचा हा खोडसाळपणा फॉक्सच्या गंभीर चरित्रांत उठून दिसतो.

पुस्तकांतला वाद पुस्तकांत राहिला असता तर प्रश्न नव्हता. टॉमस एल्वुड या ऑक्सफर्डशायरमधील तरुणाची गोष्ट त्याच्याच आत्मवृत्तांतून आलेली आहे. वीस-एकवीस वर्षांचा हा मुलगा क्वेकरांच्या सभेला जाऊं लागला. त्याचा बाप सुखवस्तु आणि गांवांत मानमान्यता असलेला. एके दिवशीं बापाशीं बोलतांना मुलाच्या तोंडून 'तूं' हा शब्द गेला. बापानें त्याला ठोसे लगावले आणि पुन्हां हा शब्द ऐकूं आला तर दांत पाडीन अशी धमकी दिली. टोपी न काढण्यावरून तर त्याआधींच रणें माजलीं होतीं; बापानें एकामागून एक त्याच्या सर्व टोप्या काढून घेतल्या होत्या. हाच एल्वुड पुढें अंध महाकवि मिल्टनला ग्रंथ वाचून दाखविण्याच्या कामावर राहिला.

येथें क्वेकरांच्या बाजूनेंच सर्व न्याय होता असें म्हणणें कठीण आहे. मुलाच्या मनांत बापाविषयीं आदर होता, आणि 'तुम्ही' या शब्दांत त्याला तो सहज व्यक्त करतां आला असता. आदरार्थी अनेकवचन हें खोटें गणित नव्हे. भाषेची ती एक लकब आहे, आणि बोलणारा व ऐकणारा दोघेहि तिचा अर्थ ओळखून असतात. मराठींतील 'अहो' या दोन अक्षरांत धाकहि मावतो आणि मायाहि मावते. पण फॉक्सच्या काळीं हें सर्वनाम एकाच दिशेनें चढत होतें. गरिबानें श्रीमंताला 'तुम्ही' म्हणावयाचें, श्रीमंतानें गरिबाला नाहीं. क्वेकरांनीं न्यायाधीशाला तूं म्हटलें आणि आपल्या मोलकरणीलाहि तूंच म्हटलें. सर्वांना वर चढवून समान करतां आलें असतें तर तें अधिक गोड झालें असतें. इतिहासानें पुढें इंग्रजींत तेंच केलें.

परंतु खरी कसोटी लागली ती न्यायालयांत. १६०५ सालचा पार्लमेंट उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यानंतर, १६०६ सालीं राजनिष्ठेची एक शपथ कायद्यानें ठरविण्यांत आली होती. ती मुळांत रोमन कॅथॉलिक कटवाल्यांसाठीं. १६६० सालीं राजा दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर अधिकाऱ्यांना असें आढळून आलें कीं क्वेकर पकडावयास हें उत्तम जाळें आहे. एखाद्या क्वेकरावर दुसरा कोणताच आरोप सिद्ध होईना, तर त्याच्यापुढें बायबल धरावें आणि शपथ घे म्हणावें. तो घेणार नाहीं हें ठरलेलेंच. १६६२ सालीं तर क्वेकरांचें नांव घेऊनच स्वतंत्र कायदा झाला. शपथ नाकारणाराला 'प्रीम्युनायरी' नांवाची जुनी शिक्षा देतां येई. म्हणजे राजाचें संरक्षण संपलें, मालमत्ता जप्त, आणि राजाच्या मर्जीपर्यंत तुरुंग.

१६६४ सालीं लँकॅस्टर येथें फॉक्स आणि मार्गारेट फेल या दोघांना याच शपथेवरून उभें करण्यांत आलें. फॉक्सच्या हातीं बायबल देण्यांत आलें. ज्या ग्रंथाची शपथ घ्यावयास सांगतां तो ग्रंथच शपथ घेऊं नको असें सांगतो, मग ग्रंथाला तुरुंगांत न टाकतां तो पाळणाऱ्याला कां टाकतां, असा त्याचा सवाल होता. नंतर त्यानें आरोपपत्र वाचवून घेतलें आणि त्यांतील चुका दाखविल्या. तारीखच चुकीची होती! शपथ वाहिलेल्या अधिकाऱ्यांनीं व पंचांनीं खोट्या तारखेचा कागद खरा म्हणून पुढें केला होता, आणि शपथ न घेणारा मनुष्य तो दुरुस्त करीत होता. न्यायाधीशाला आरोपपत्र रद्द करावें लागलें. पण फॉक्सची सुटका झाली नाहीं. त्याच बैठकींत तीच शपथ पुन्हां त्याच्यापुढें धरण्यांत आली आणि नवें आरोपपत्र तयार झालें. पुढें त्याला स्कारबरोच्या किल्ल्यांत नेऊन ठेवलें. तेथें खोलींत पाऊस येई आणि अंथरूण भिजे. १६६६ सालीं तो सुटला.

मार्गारेट फेल ही एका न्यायाधीशाचीच विधवा, मोठ्या घरची मालकीण, मुलींची आई. आपण राजाशीं एकनिष्ठ आहों, तसें वचन देतों, पण शपथ घेणार नाहीं, असें तिनें सांगितलें. तिला तीच प्रीम्युनायरीची शिक्षा झाली. राजाचें संरक्षण गेलें तरी ईश्वराचें गेलेलें नाहीं असें न्यायाधीशाला सांगून ती लँकॅस्टरच्या तुरुंगांत गेली, ती १६६८ सालीं बाहेर आली. एका शब्दाचा प्रश्न होता. तो उच्चारला असता तर संध्याकाळीं ती घरीं गेली असती.

तुरुंगाखेरीज रोजचीं संकटें निराळींच. शपथेवांचून साक्ष होत नाहीं, मृत्युपत्र शाबीत होत नाहीं, दिवाणी दाव्याला उत्तर देतां येत नाहीं. क्वेकराला फसविणें त्यामुळें फार सोपें झालें. तो न्यायालयांत तोंड उघडूं शकणार नाहीं हें ठकाला ठाऊक असे. अखेर १६९६ सालीं पार्लमेंटनें शपथेऐवजीं गंभीर कथन करण्याची सवलत त्यांना दिली. पण त्या कथनाच्या मसुद्यांत सर्वशक्तिमान् ईश्वर साक्षी असल्याचा उल्लेख होता, आणि ही तर वेषान्तर केलेली शपथच, असें म्हणून पुष्कळ क्वेकरांनीं तीहि सवलत नाकारली. पंचवीस वर्षें समाजांत त्यावरून वाद माजला. १६६४ च्या तुरुंगापुढें हा वाद क्षुल्लक दिसतो. तथापि, ज्यांनीं शब्दाचें मोल एवढें दिलें होतें त्यांना तो अर्धवट सोडतां येणें शक्य नव्हतें. १७२२ सालीं ईश्वराचें नांव वगळलेलें साधें कथन कायद्यानें मान्य झालें. फौजदारी खटल्यांत साक्ष देण्याची मोकळीक मिळावयास १८२८ साल उजाडलें, आणि जोसेफ पीज हा क्वेकर १८३३ सालीं शपथ न घेतां पार्लमेंटांत बसला.

या अरुंद वाटेनें पुढें क्वेकर नसलेलेहि अनेक गेले. चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी सभासदाला १८८० सालीं निवडून आल्यावर शपथेच्या प्रश्नावरून सहा वर्षें पार्लमेंटाशीं झगडावें लागलें. १८८८ सालीं हवें त्याला शपथेऐवजीं कथन करण्याची मुभा देणारा कायदा झाला तो त्याच्याच खटपटीनें. हाच ब्रॅडलॉ पुढल्या वर्षीं मुंबईच्या काँग्रेसला हजर होता. हिंदुस्थानांत तर याच धर्तीची तोड त्याच्याहि आधीं निघाली होती. साक्षीदारांना गंगाजळ किंवा कुराण हातीं देऊन शपथ घ्यावयास लावीत. अशी सक्ति लोकांच्या मनाला बोचते आणि न्यायाच्या कामांत अडथळा येतो, असें १८४० सालच्या कायद्याच्या प्रस्तावनेंतच म्हटलें होतें. आणि शपथेऐवजीं प्रतिज्ञापूर्वक कथनाची योजना त्या कायद्यानें केली. पुढें १८७३ व १९६९ सालच्या कायद्यांत ही सोय राहिली. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टांत मंत्र्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला ईश्वराची शपथ किंवा नुसती गंभीर प्रतिज्ञा असे दोन पर्याय दिलेले आहेत, हें वृत्तपत्रें वाचणाऱ्यांना माहीत आहेच.

न्यायाधीशापुढें जीभ आवरणें कठीण खरें. पण तेथें शत्रु समोर उभा असतो आणि आपल्या माणसांचे डोळे कौतुकानें पाहत असतात. आपल्याच माणसांत, आपल्याच प्रार्थनासभेंत ती आवरणें याहून कठीण आहे. क्वेकरांना हें फार लौकर आणि फार कटु रीतीनें शिकावें लागलें. जेम्स नेलर हा फॉक्सच्या तोडीचा, किंबहुना वक्तृत्वांत त्याच्याहून सरस असा उपदेशक. त्याच्याभोंवतीं भाबड्या भक्तांचा मेळा जमला. १६५६ सालीं भर पावसांत त्या भक्तांनीं त्याला घोड्यावर बसवून, त्याच्यापुढें स्तोत्रें गात, ब्रिस्टल शहरांत नेलें. येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाचें तें सरळ अनुकरण होतें. आपण ख्रिस्त आहों असें नेलर म्हणाला नाहीं. पण भक्त म्हणत होते, आणि त्यानें त्यांना थांबविलें नाहीं. विचारणा झाली तेव्हां त्यानें द्व्यर्थी उत्तरें दिलीं. पार्लमेंटनें कित्येक दिवस चर्चा करून ८२ विरुद्ध ९६ मतांनीं त्याचा प्राण वांचविला आणि पुढील शिक्षा फर्मावली: फटके, कपाळावर डाग, आणि तापलेल्या सळईनें जिभेला भोंक. शिक्षा अमानुष होती यांत शंका नाहीं, आणि ती नेलरनें विलक्षण धीरानें सोसली. तथापि, न बोलण्यानेंहि मनुष्य असत्याला साथ देऊं शकतो हें त्या दिवसानंतर क्वेकरांना कोणी सांगावें लागलें नाहीं. १६५९ सालीं नेलर सुटला तो पश्चात्ताप पावलेला आणि शांत झालेला असा. दुसऱ्याच वर्षीं तो वारला.

क्वेकरांच्या उपासनेचें स्वरूप या पार्श्वभूमीवर पाहावें. ठरलेला पुरोहित नाहीं, ठरलेलें स्तोत्र नाहीं, प्रवचन नाहीं. माणसें एकत्र येऊन नुसतीं स्वस्थ बसतात. कोणाला अंतर्यामीं प्रेरणा झाली तर त्यानें उठून बोलावें, नाहीं तर तासभर कोणीच बोलूं नये. बोलण्यापूर्वीं स्वतःला विचारावयाचें कीं ही प्रेरणा ईश्वराची कीं आपल्या जिभेच्या खाजेची. अधिक बोलणाऱ्याला समाजांतील वडीलधारे बाजूस घेऊन समज देत. निंदानालस्तीविषयींहि असाच दंडक होता. कोणाविरुद्ध तक्रार असेल तर प्रथम त्याला एकट्याला गांठून सांगावयाचें. ऐकलें नाहीं तर एकदोघांना बरोबर न्यावयाचें. त्यानंतरच ती सभेपुढें आणावयाची. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील अठराव्या अध्यायांतला हा क्रम त्यांनीं शिस्तीचा नियम म्हणून पाळला. ज्याची निंदा करावयाची त्याच्याच घरीं आधीं जावयाचें, ही अट घातली म्हणजे निम्मी निंदा वाटेंतच गळून पडते.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. जीभ आवरावी हा उपदेश जगांत सर्वत्र स्त्रियांना जितका ऐकावा लागतो तितका पुरुषांना लागत नाहीं. सुनेनें उलट बोलूं नये, मुलीनें मोठ्यानें हंसूं नये, हा आपल्या घरांतील वाक्संयम होय. ख्रिस्ती मंडळींतहि, स्त्रियांनीं सभेंत गप्प बसावें या पौलाच्या वचनाचा आधार घेऊन तोच प्रकार चालत असे. क्वेकरांनीं वाणीवर एवढा पहारा बसविला, पण त्या पहाऱ्याचा उपयोग त्यांनीं यासाठीं केला नाहीं. तुरुंगांत असतांनाच मार्गारेट फेलनें स्त्रियांच्या उपदेशाधिकाराचें समर्थन करणारी पुस्तिका लिहिली. ती १६६६ सालीं प्रसिद्ध झाली. पुनरुत्थानाची वार्ता पहिल्यानें कोणीं आणली, स्त्रियांनींच ना, हा तिच्यांतील एक बिनतोड मुद्दा आहे. मौन सर्वांना सारखें आणि प्रेरणा झाल्यास बोलण्याचा हक्कहि सर्वांना सारखा, असा त्यांचा न्याय होता.

अर्थात् नियमाचा सांगाडा होण्याचा धोका त्यांनाहि चुकला नाहीं. इंग्रजींतून 'दाऊ' हळूहळू नाहींसा झाला, सर्वच सर्वांना 'यू' म्हणूं लागले, आणि ज्या समतेसाठीं फॉक्स भांडला ती सर्वनामापुरती तरी आपोआप आली. तरी क्वेकर आपलें जुनें एकवचन धरून बसले. जें एके काळीं राजालाहि समान लेखण्याचें साधन होतें तें आतां आपल्या पंथाचा माणूस ओळखण्याची खूण झालें. गंमत अशी कीं व्याकरणाच्या शुद्धतेसाठीं सुरू झालेल्या या लढ्यांत शेवटीं व्याकरणच मोडलें; कर्त्याच्या जागीं 'दाऊ' ऐवजीं 'दी' हें कर्माचें रूप त्यांच्यांत रूढ झालें. १८६० च्या सुमारास लंडनच्या वार्षिक सभेनें या भाषेची व विशिष्ट पोशाखाची सक्ति काढून टाकली.

सांगाडा होऊं न देतां हा नियम ज्यानें अखेरपर्यंत जगून दाखविला असा मनुष्य पाहावयाचा तर तो अमेरिकेंत पाहावा लागतो. जॉन वुलमन हा १७२० सालीं न्यू जर्सी वसाहतींत जन्मला. दुकानांत कारकुनी करी, शिवणकाम करी. विशींत असतां एकदां प्रार्थनासभेंत तो उठून बोलला, आणि प्रेरणा जेवढी होती त्याहून चार शब्द अधिक बोलून गेला. कोणी त्याला दोष दिला नाहीं. कोणाच्या तें लक्षांत आल्याचेंहि दिसत नाहीं. पण त्या चार शब्दांनीं त्याचें मन कित्येक दिवस जळत राहिलें. सुमारें सहा आठवडे तो पुन्हां उठला नाहीं, आणि नंतर उठला तेव्हां थोडेंच बोलून बसला. आपल्याकडील सभांतून आभार मानण्यास उठून पाऊण तास बोलणाऱ्या वक्त्यांच्या ऐकण्यांत ही गोष्ट यावयास हवी.

याच सुमारास त्याच्या मालकानें आपली एक निग्रो गुलाम स्त्री विकली आणि विक्रीचा कागद लिहावयास वुलमनला सांगितलें. विकत घेणारा वृद्ध क्वेकरच होता. मालकाची आज्ञा, समोर वडील माणूस. वुलमननें कागद लिहिला. परंतु लिहितां लिहितां त्या दोघांसमक्ष त्यानें सांगितलें कीं माणसाला गुलाम म्हणून ठेवणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें आपल्याला वाटतें. एवढें बोलूनहि त्याचें समाधान झालें नाहीं. पुढें कोणी असा कागद किंवा गुलाम वारसानें देण्याचें मृत्युपत्र लिहावयास सांगितलें तर तो नम्रपणें नकार देई. अधिक शब्दासाठीं जो सहा आठवडे तळमळला, त्याला कमी पडलेल्या शब्दाचीहि तळमळ लागली.

गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघर तो हिंडला. त्यानें त्यांच्यावर जाहीर सभेंत कोरडे ओढले नाहींत. घरीं जावें, एकान्तांत बसावें, हळू आवाजांत सांगावें, आणि निघतांना ज्या गुलामांनीं आपली सेवा केली त्यांच्यासाठीं पैसे ठेवून जावें, असा त्याचा क्रम १७५७ सालच्या दक्षिणेकडील प्रवासांत होता. फुकटच्या पाहुणचाराची संवय असलेल्या यजमानाला ते पैसे लांब व्याख्यानापेक्षां अधिक झोंबत असले पाहिजेत.

१७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत गुलामांचा प्रश्न निघाला. क्वेकरांच्या सभेंत मतदान होत नाहीं; सर्वांचा कल एका बाजूस झाल्यावांचून निर्णय लिहिला जात नाहीं. बहुतेकांचें म्हणणें असें पडलें कीं गुलामगिरी वाईट खरी, पण घाई नको, काळ आपोआप मार्ग काढील. वुलमन बराच वेळ खालीं मान घालून स्वस्थ बसून होता. अखेर तो उठला आणि थोडक्यांत बोलला. या माणसांची हांक ईश्वरापर्यंत पोंचली आहे, आणि कांहींच्या सोयीसाठीं आपलें कर्तव्य पुढें ढकललें तर ईश्वर भयंकर रीतीनें उत्तर देईल, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. सभेचा कल फिरला. गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना भेटून समजावण्यासाठीं एक मंडळ नेमण्यांत आलें आणि त्यांत वुलमन होता. १७७२ सालीं इंग्लंडच्या प्रवासांत असतां यॉर्क येथें देवीच्या रोगानें तो वारला. १७७६ सालीं त्याच फिलाडेल्फियाच्या सभेनें गुलाम ठेवणाऱ्या कोणालाहि आपल्यांत स्थान नाहीं असें ठरविलें.